दहावी तार

मित्रांनो, मला पहिल्यांदा पाहणारा माणूस मला गिटार म्हणतच नाही. कुणी इस्त्रीचे टेबल म्हणतो, कुणी शिवणयंत्र. पण मी एक जुनी पेडल स्टील गिटार आहे. मला चार पाय आहेत, पाठीवर दहा तारा आहेत आणि खाली पायाने दाबायची पेडल आहेत. वाजवणारा माझ्यासमोर बसतो, पोलादी कांडी तारांवरून सरकवतो आणि पेडल दाबून सूर वाकवतो. मग माझ्यातून माणसाच्या गळ्यासारखा आवाज निघतो. तो कसा निघतो हे इतक्या वर्षांत मलाही उमगलेले नाही.

अमेरिकेत, जॉर्जियातल्या वेनफोर्ड गावी एका कारागिराने आपल्या गॅरेजमध्ये मला घडवले, ते चर्चचे डीकन, म्हणजे मानकरी सेवक, ओटिस गॅडलिन यांच्यासाठी. तीस वर्षे दर रविवारी ते मला घरून चर्चमध्ये नेऊन उभी करत. पाद्रीबाबा गाण्याची एक ओळ म्हणत. तीच ओळ मी शब्दांवाचून म्हणे, आणि बाकांवरची माणसे हात उंचावून उठत. धिप्पाड लाकूडतोड्यांना मी लहान मुलांसारखे रडताना पाहिले आहे. एवढ्याशा तारांनी एवढी माणसे हलतात, याचा मला दर रविवारी नव्याने अचंबा वाटे.

डीकन मोठे कलावंत, पण विद्येच्या बाबतीत पक्के कंजूष. कोणती तार कोणत्या सुरात लावायची ही युक्ती त्यांची स्वतःची होती, आणि आसपासच्या गावांतले वादक ती चोरतील अशी त्यांना धास्ती असे. म्हणून प्रार्थना संपली की जेवायला जाण्याआधी ते माझ्या सगळ्या खुंट्या सैल करून ठेवत. शाळेची बस चालवणारी लोरीन दुसऱ्या बाकावरून त्यांचे हात न्याहाळत असे. एकदा तिने धीर केला.

"डीकन, मला शिकवाल का हो?"

"बघ की लांबून! बघायला कुणाची मनाई आहे?" ते हसून म्हणाले आणि खुंट्या पिळू लागले.

एका हिवाळ्यात डीकन वारले. त्या धक्क्याने त्यांची बायको व्हर्डेल, जिला सारे चर्च मदर म्हणे, इस्पितळात पडली. तेवढ्यात पुतण्याने घर आवरायला काढले आणि इतर अडगळीबरोबर मलाही शहरातल्या एका वाद्यांच्या दुकानात देऊन टाकले. दुकानदार मिस्टर प्रूइट शाळांना कर्णे आणि ढोल विकत. त्यांनी मला पाहून डोके खाजवले, माझ्यावर जाड चादर टाकली आणि वर कॉफीची किटली ठेवली. झाले मी टेबल!

इकडे चर्च मुके झाले होते. पाद्रीबाबांनी बजावले, "ईस्टरपर्यंत स्टील गिटार मिळाली तर ठीक, नाहीतर मी की-बोर्ड आणतो. त्यात म्हणे सगळेच आवाज असतात."

लोरीनला ते पटेना. बसची फेरी संपली की ती दुकाने पालथी घालू लागली. एकाने तिला चकचकीत पत्र्याची साधी गिटार दाखवली. दुसऱ्याने ढोलाचे पेडल पुढे केले. एक म्हातारा दुकानदार तेवढा खरे बोलला. "बाई, ही दुकानात मिळत नसते. घडवणारे बोटांवर मोजण्याइतके. मागणी नोंदवायची आणि वाट बघत बसायचं. जुनी हवी असेल तर कुणीतरी वादक वर जावा लागतो." हे सारे तिने पुढे मदर व्हर्डेलला माझ्यासमोरच सांगितले.

अखेर ती प्रूइटांच्या दुकानात आली.

"पेडल स्टील आहे का हो?" असे म्हणत तिने दमून आपली पिशवी माझ्याच पाठीवर ठेवली.

"छे, छे! मी तर जन्मात पाहिली नाही."

काखेत कळसा आणि गावाला वळसा! मला ओरडावेसे वाटले. पण मित्रांनो, कुणी वाजवल्याशिवाय आम्हाला बोलता येत नाही. लोरीनने पिशवी उचलली आणि वळताना तिचा बूट चादरीखाली कशाला तरी अडकला. ती थबकली. तिने पायानेच चाचपले. एक पेडल. शेजारी दुसरे.

"मिस्टर प्रूइट, तुमच्या टेबलाला पेडल कशाला?"

"मलाही तोच प्रश्न पडलेला," ते म्हणाले.

चादर ओढताच लोरीनने मला ओळखले आणि तिथून सोडवून आणले. मदर व्हर्डेल आता घरी परतली होती. तिच्याच स्वयंपाकघरात लोरीनने मला उभे केले. सैल तारा तिने एकेक छेडून पाहिल्या. "नुसतं लाकूड आणि लोखंड मिळालं, मदर. सूर डीकन आपल्याबरोबर घेऊन गेले."

मदर चवळीच्या शेंगा सोलत होती. "दर शनिवारी तो तारा कुठं लावायचा, ठाऊक आहे? इथं, या खुर्चीत. साऱ्या मुलखापासून लपवलं बाबानं! मला मात्र कोंबडी तळल्याचाच आवाज ऐकू येतो, असं वाटायचं त्याला."

आणि शेंगांवरची नजर न काढता तिने पहिल्या तारेचा सूर गुणगुणला. लोरीनने खुंटी आवळली. मग दुसरा सूर, मग तिसरा. मी थक्क झाले. माझे सगळे गुपित त्या म्हातारीच्या गळ्यात होते. नऊ तारा लागल्या आणि ती थांबली.

"ही काही मला येत नाही बाई. ही तो शेवटी लावायचा, आणि तोवर मी 'जेवण गार होतंय' म्हणून ओरडायला लागलेली असायचे."

दोघी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मग लोरीनने दहावी तार वर नेली, खाली आणली, पुन्हा पुन्हा ऐकली आणि शेवटी आपल्या मनाने एका सुरावर सोडली.

ईस्टरला पाद्रीबाबांनी ओळ म्हटली. दुसऱ्या बाकावरून वर्षानुवर्षे पाहिले होते, तशी लोरीनने कांडी तारांवर टेकवली. मी ती ओळ हजारदा म्हटली होती, पण त्या दिवशी ती निघाली आणि माझी मीच ऐकत राहिले. आवाज ओळखीचा होता, तरी त्यात असे काहीतरी होते जे डीकननी कधी म्हटले नव्हते. नवरा गेल्यापासून मदर व्हर्डेल चर्चमध्ये एकदाही उभी राहिली नव्हती. ती बाकाला धरून उठली, आणि मग तिने बाकही सोडला.

प्रार्थनेनंतर तिने लोरीनचा चेहरा हातांत धरला. "नऊ तारांनी मला तो आठवला गं, पोरी. पण उठवलं मला दहावीनं."

की-बोर्ड आला नाही. लोरीन माझ्या खुंट्या सैल करत नाही. दुकाने धुंडाळून रिकाम्या हाताने परतलेली माणसे आता लांबून तिच्याकडे येतात, आणि ती त्यांना माझ्यासमोर बसवते. मित्रांनो, आमच्यासारख्या थोड्याच उरल्या आहेत. आमच्यावरची धूळ पुसा, तारा गंजू देऊ नका. आणि तुम्हाला एखादा सूर सापडला असेल, तर तो घेऊन एकटे बसू नका. कुणाला तरी हाक मारा आणि शेजारी बसवून घ्या.