ओल्या रंगावरचा पंजा

काळुरामाने मुशी माशाचे वाळलेले खरखरीत कातडे खाली टाकले आणि होडीच्या कुशीकडे बघत तो तसाच उभा राहिला. हिरव्या रंगात आजही पंजा उमटला होता. पाच बोटे, तळवा, सगळे स्वच्छ. पाडव्याला होडी खाडीत उतरायची होती, आणि रोजची सकाळ हा पंजा घासून काढण्यातच जात होती.

कळव्याच्या काठावर रंगारी काय कमी होते? पण गुळगुळीत रंग हवा असला की लोक काळुरामाचे नाव घेत. रंगाचा पातळ थर द्यायचा, वाळला की मुशीच्या कातड्याने हलके घासायचे, पुसायचे, पुन्हा थर द्यायचा. आणि सांजेला डोळे मिटून उजव्या तळव्याने चाचपायचे, रंग वाळला का, कुठे खरखर राहिली का. डोळ्यांवर त्याचा काडीचा विश्वास नव्हता. नौपाड्याच्या त्र्यंबकरावांनी त्या तळव्याच्या भरवशावरच होडी सोपवली होती. ही खडबडीत उतरली तर पुढे आपल्याला होडी कोण देणार, या काळजीने त्याला अन्न गोड लागेना.

पंजा होता तरी कुणाचा? पहिला संशय पलीकडच्या भिवा रंगाऱ्यावर गेला. मग खाडीच्या राखणदार देवचाराला नारळ देऊन झाला. देवचाराने नारळ ठेवून घेतला आणि पंजा काही थांबला नाही. आता उरली बायको. नव्या होडीला रंगाऱ्याच्या घरच्या बाईने हळदीचा हात लावायची रीत होती. गोदाला घाई झाली असेल, असे त्याच्या मनाने घेतले.

भाकरी घेऊन ती आली तशी त्याने विचारलेच.

"गोदा, तू लावतेस का गं हात?"

"हळद पाडव्याला लावतात, मला ठाऊक नाय का?" तिने आपला पंजा त्या खुणेवर धरून दाखवला. तो पोराचा वाटावा इतका लहान दिसला.

"मग भिवाच तो."

"भिवा शिमग्यापासून पनवेलला हाय. तुमचा ठेवा बगू."

काळुराम हसला, पण त्याने हात ठेवला. बोटावर बोट बसले.

"असं कसं?" तो गोंधळून म्हणाला. "काल सांजेला मीच चाचपला. कोरडा होता. ओलं-सुकं मला कळत नाय व्हय?"

गोदाने त्याचा हात ओढून घेतला. तो हात नेहमी रंगाने माखलेला, म्हणून कुणी नीट पाहतच नसे. तिने पदराने तळवा पुसला. खाली भाजल्याचा मोठा फोड होता, फुटलेला.

"हे कवा भाजलं?"

"कुठं?" काळुरामाने वाकून पाहिले. "तापल्या तेलाच्या मडक्याला लागला असंल."

तो पुन्हा होडीकडे वळला. गोदाने त्याच्या तळव्यात नख रुतवले, मग आणखी जोरात.

"कोरडाच होता बग," तो म्हणत होता. "मग रातीत ओला कसा झाला?"

त्याला नखाचा पत्ताच नव्हता. असा हात तिने आपल्या मामाचा पाहिला होता. त्याला महारोग निघाला आणि पुढे गावाने वेशीबाहेर झोपडी बांधून दिली. तिने नखाच्या खुणेवर त्याची बोटे मिटवली.

"आजपासून सांजेला मी चाचपीन."

"तू? तुला काय कळतंय त्यातलं?"

"तुम्ही शिकवा. पन कुनाला सांगू नका."

काळुरामाला काही उमजेना. त्याने डाव्या हाताने कातडे उचलले आणि तो पंजा घासायला लागला. उजवा हात गोदाने सोडलाच नाही.