गुरांच्या नावांचं गाणं

मित्रांनो, जरा कल्पना करा. खुलताबादच्या डोंगराखालचं माळरान आहे. उन्हं कलली आहेत. टेकाडावर उभा राहून एक म्हातारा गुराखी गळा मोकळा सोडून गातो आहे. तो गातो ते मीच. मी एक जुनं गाणं आहे.

माझ्यात राजा-राणी नाहीत, नुसती गुरांची नावं आहेत. या म्हाताऱ्या कचरू गुराख्याच्या आजोबांनी मला रचलं. साऱ्या गावाची गुरं त्यांच्याकडे चरायला असत. संध्याकाळी ते एकेक नाव लांबवत गात, आणि जिचं नाव येई तीच गाय मान उचलून घराकडे वळे. वासरू झालं की माझ्यात एक नाव वाढे. गुरं वेशीत शिरली तरी मी सरत नसे. बायका म्हणत, "गाणं आलं गं, चुली पेटवा!"

पुढे गायरानातून मोठा रस्ता गेला. गोठ्यांत मोटारसायकली उभ्या राहिल्या. लोकांनी गाय विकली की तिचं नाव माझ्यातून गळे. आता एकटी कपिली उरली आहे, कचरूची स्वतःची. मला गायला एक श्वास पुरतो.

कचरूचा मुलगा आकाश कंपनीत कामाला जातो. त्याने मला मोबाईलमध्ये भरून घेतलं. एकदा कचरूचे गुडघे दुखत होते, म्हणून आकाशने बांधावर तो मोबाईलच लावून ठेवला. कपिली आली, मोबाईल हुंगला आणि कचरूला शोधत हंबरत राहिली.

यंदा कपिलीला कालवड झाली. कचरूचा नेम असा, की गाण्यात नाव घेतलेलं आपलं जनावर विकायचं नाही. म्हणून त्याने कालवडीला नावच दिलं नाही.

"आबा, हिचं नाव काय?" नात तनुजाने विचारलं.

"नाय ठिवलं. रविवारी बाजारात न्यायचीय."

"काहून?"

"माहे गुडघे गेले, बाई. दोन जनावरं कोण वळील? तुहा बाप? त्यो तं गाईलाबी हॉर्न वाजवतो!"

कचरू हसला. त्या संध्याकाळी त्याने फक्त 'कपिली' एवढंच गायलं. कपिली निघाली. कालवड चार पावलं चालून थांबली. तिला कुणी हाक मारलीच नव्हती.

मित्रांनो, गाणं पेटीत घालून जपता येत नाही. ते रोज कुणीतरी गावं लागतं, आणि ज्याच्यासाठी गायचं त्याला सांभाळावंही लागतं.

तेवढ्यात तनुजा टेकाडावर आबापाशी चढून आली. दोन्ही हात तोंडाशी धरून, चिरक्या आवाजात तिने मला उचललं, "कपिलीऽऽ, आन् चांदणीऽऽ, या गं घराला!"

कालवडीने कान टवकारले.

"गाण्यात घेतलीस व्हय गं?" कचरू म्हणाला. "आता इकता यायची नाय तिला."

"म्हणून तं घेतली. शाळंतून आल्यावर मी वळीन."

मग तिने आबाच्या हातातली काठी घेतली, खाली उतरली आणि त्या दोघींच्या मागे चालू लागली.