नारळ, मशीन आणि सात वाव दोरी

"विज्ञान आणि थोतांड यांच्यामधली रेषा सूर्यप्रकाशाइतकी स्वच्छ असते. ती दिसायला फक्त डोळे उघडे लागतात!" विश्राम मास्तरांनी आभाळाकडे बोट करून जाहीर केलं.

"मास्तरांनू, डोळे उघडे आसत तर खाली बघा," मथुरा म्हणाली. "पाय आमसुलांर पडलो."

मास्तरांनी पाय उचलला. अंगणातल्या खळ्यात वाळत घातलेली चार आमसुलं चपलेला चिकटून वर आली. एकतीस वर्षं हायस्कुलात विज्ञान शिकवलेल्या माणसाला असले अडथळे नवे नव्हते. त्यांनी चप्पल झटकली आणि व्याख्यान पुढे चालू केलं.

प्रश्न मथुरेच्या विहिरीचा होता. धामापुराजवळच्या या वाडीत तिची विहीर मार्चमध्येच तळ दाखवायची. मग आठवड्याला एक टँकर, आणि तो संपला की व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, काठच्या विहिरीवरून दोन हंडे घेऊन साठ पायऱ्यांचा चढ. तिचे गुडघे आता प्रत्येक पायरीला हरकत घेत. नवी विहीर खणायची ठरली होती, माणसं सोमवारी येणार होती, आणि खणायचं एकदाच होतं. जागा चुकली तर साठ पायऱ्या जन्माच्या गळ्यात.

तिच्या नवऱ्याने, बाबलीने, दत्तारामाला बोलावलं होतं. दत्ताराम तळहातावर नारळ आडवा ठेवून रानात फिरतो, आणि खाली पाणी असलं की नारळ आपोआप उभा राहतो, अशी ख्याती. मास्तरांनी त्याचे डोळे पंचाने बांधले, गरगर फिरवलं आणि त्याच रानातून तीनदा चालवलं. नारळ तिन्ही वेळा वेगळ्याच ठिकाणी उभा राहिला. त्यातलं एक ठिकाण शेणकीचं, म्हणजे शेणाच्या खड्ड्याचं होतं.

"पाण्याची शीर हलता," दत्ताराम शांतपणे म्हणाला. "ती काय दगड आसा? आणि ह्यो नारळ सरकारी रोपाचो. गावठी होयो होतो."

बाबलीला दोन्ही कारणं पटली. मास्तरांना इतका आनंद झाला की त्यांनी दत्तारामाला चहा पाजला. "उभा राहिला तरी बरोबर, नाही राहिला तरी बरोबर! बाबली, जे कधी चुकूच शकत नाही ना, त्याला काही कळतच नसतं!"

आणि दुसऱ्या दिवशी ते स्वतःच्या विद्यार्थ्याला घेऊन आले.

यज्ञेश कुडाळचा. शाळेत असताना प्रयोगवहीतल्या आकृत्या फार सुबक काढायचा. आता त्याच्या गळ्यात ओळखपत्र होतं आणि हातात मशीन. मशीनला दोन अँटेना, एक पडदा, पडद्यावर निळे-तांबडे ढग. "क्वांटम रेझोनन्स, सर," तो म्हणाला. मास्तरांनी मान डोलावली. हे दोन्ही शब्द त्यांनी वेगवेगळे ऐकले होते. एकत्र ऐकून त्यांना अधिकच आदर वाटला.

"ह्येचे डोळे बांधूचे नाय?" मथुरेने विचारलं.

"अगं, हे यंत्र आहे. यंत्राला श्रद्धा नसते."

"बरा. मगे आधी हय खळ्यात बघा."

यज्ञेश सारवलेल्या खळ्यात दोन फेऱ्या मारून आला. पडदा लालबुंद. "इथे विसरा, काकी. तीनशे फुटांपर्यंत कोरडा खडक."

"असां?" मथुरेने त्याचा चहाचा रिकामा कप उचलला. "मगे आता चाय पिलास, त्येचा पाणी खंयचा? तू उभो आसस थंय खाली टाकी आसा. काल टँकरान भरली, काठोकाठ."

यज्ञेशने पायाखाली पाहिलं, मग पडद्याकडे, मग मास्तरांकडे. "सर, हे मशीन फक्त नैसर्गिक पाणी पकडतं. टँकरच्या पाण्याची फ्रिक्वेन्सी मेलेली असते."

बाबलीला हेही पटलं. मास्तरांना मात्र हे कालच ऐकल्यासारखं वाटलं. दत्तारामाची शीरच बोलत होती. फक्त प्रमाण मराठीत. आणि तिला ते स्वतः गाडीत पुढच्या सीटवर बसवून घेऊन आले होते.

यज्ञेश गेल्यावर मथुरेने आतून चार जुनी कॅलेंडरं आणली. दर सोमवारच्या चौकटीत सहा आकडे. वाडीतल्या सहा विहिरींत ती दगड बांधलेली दोरी सोडायची आणि पाणी किती वाव खाली आहे ते मोजायची. वाव म्हणजे दोन्ही हात पसरले की मावेल तेवढी दोरी.

"हे कशासाठी?" मास्तरांनी विचारलं.

"हंडो घेऊन खंयच्या विहिरीर जावचा ता कळाक नको? व्हाळाच्या उगवतीकडच्या तिनांक मे म्हयन्यातय पाणी रवता. ती रांग सरळ आमच्या काजीकडे येता. थंय पाच वावांर पाणी लागतला. सातांर नाय लागला, तर माझा चुकला. काम थांबवा."

'तर माझं चुकलं.' मास्तरांनी फळ्यावर खूप काही लिहिलं होतं. हे कधी लिहिलं नव्हतं.

काजीपाशी, म्हणजे काजूच्या झाडापाशी, खणणं सुरू झालं. पाच वाव झाले. धूळ. दत्ताराम नारळ काखेत मारून बघायला आला आणि खड्ड्यात डोकावून गालात हसला. बाबलीने बायकोकडे पाहिलं. मथुरेने शीर हलवली नाही, नारळाची जात काढली नाही. "पाच चुकला," म्हणाली आणि कॅलेंडरात तसं लिहिलं. "अजून दोन आसत."

सहाव्या वावाला माती ओली झाली. साडेसहाला पाणी आलं.

वाडी जमली. "माका ठावकच होता," दत्ताराम म्हणाला. मथुरा कपाळाला आठ्या घालून उताराकडे बघत होती. "हय जमीन चढाची. ता मी धरूकच नाय. किती चढ ता मोजूक होया." तिने दोरी काढली आणि तिचं एक टोक बाबलीच्या हातात दिलं.

मास्तर मातीच्या ढिगावर चढले. घसा साफ केला. "बंधुभगिनींनो! आज या वाडीत विज्ञानाने अज्ञानावर जो ऐतिहासिक—"

"मास्तरांनू," मथुरा खालून म्हणाली, "वायच बाजूक सरा. दोरीर उभे आसात."