दुहेरी गाठीचा दोडका

मित्रांनो, मी एक जुना मांडव आहे. हवाई बेटावरच्या हिलो गावात, श्रीरामकाकांच्या घरामागे उभा आहे. बांबू आणि तार बांधून मला उभे केले काकांनी. माझ्यावर वेल चढवले ते विनीताकाकूंनी.

इथे ऊन-पाऊस दोन्ही भरपूर. दोडका बाराही महिने लागतो. पण कोवळ्या फळाला फळमाशी डंख मारते आणि आत अळ्या होतात. म्हणून काकू प्रत्येक दोडक्याला जुन्या साडीची पिशवी बांधायच्या. "आमचा दोडका सोवळ्यात असतो," असे पाहुण्यांना सांगायच्या. खायच्या दोडक्याला एक गाठ, बियाण्याच्या दोडक्याला दोन. बियाण्याचा दोडका पावसात कुजू नये म्हणून त्याचा वेल छपराच्या वळचणीला घ्यायच्या. पाहुणे माझे फोटो काढत. ते माझे चांगले दिवस होते.

काकू गेल्या आणि काकांनी एकाही पिशवीची गाठ सोडली नाही. गाठी काकूंच्या हातच्या होत्या. दोडके आतच कुजले, वेल वाळले, माझे बांबू पोखरले गेले. वळचणीखालची एक पिशवी तेवढी कोरडी राहिली. वाऱ्याने तिच्यातून खुळखुळ आवाज येई. काका लगेच मागचे दार उघडत. "आलो गं," म्हणत आणि रिकाम्या परसाकडे बघत उभे राहत.

मग त्यांची मुलगी मोना समुद्रापलीकडच्या बेलव्ह्यू शहरातून आली.

"बाबा, हे सगळं रॉटन झालंय. काढून टाकू या."

"ती शेवटची राहू दे. तिनं बांधलीय."

"दोन गाठी आहेत. म्हणजे बियाणं, राइट? आईनं ते लावायला ठेवलं होतं बाबा, टांगून ठेवायला नाही. अजून थांबलो तर एकही बी उगवणार नाही."

काका पुढे झाले. मोनाने कात्री दिली, ती त्यांनी घेतली नाही. नखाने गाठ सैल करू लागले. दुसरा हात माझ्या बांबूवर होता. दोन्ही गाठी सुटल्या. आतला वाळका दोडका उलटा करताच काळ्या बिया तळहातावर सांडल्या.

त्या माझ्या पायाशी पेरल्या. आता कोंब वर आले आहेत. रिकामी पिशवी काकांनी पुन्हा मला अडकवली, पहिल्या फळासाठी. खुळखुळ थांबली आहे. तरी संध्याकाळी पिशवी वाऱ्याने फुगते, आत काही वाढत असल्यासारखी. दार उघडते. "आलो गं," म्हणत काका पाण्याची झारी घेऊन येतात.

मित्रांनो, माणसाची आठवण नुसती बांधून ठेवू नका. तिला माती-पाणी द्या. आणि माझे पोखरलेले बांबू कुणीतरी बदला. वेल चढू लागल्यावर मला पडून चालणार नाही.