कपाटांच्या वरची खोली

"म्हणजे तुमचं असं कुणीच नाही?" घरमालकीणबाईंनी दार अर्धंच उघडून विचारलं.

"आहेत ना. भाऊ आहे, वहिनी आहे, दोन पुतण्या आहेत. दुसऱ्या गावी असतात."

"तसं नाही हो. तुमचं, तुमचं."

सिस्टरने एजंटकडे पाहिलं. एजंट जिन्यातल्या विजेच्या मीटरकडे असा टक लावून पाहत होता, जणू रीडिंग घ्यायलाच आला होता.

"मी एकटीच राहणार," ती म्हणाली. "हॉस्पिटलात नोकरी आहे, डायलिसिसला. पहाटेची ड्युटी असते. संध्याकाळी घरीच."

"पहाटेची म्हणजे बाहेर कधी पडणार?"

"अंधार असतानाच पडावं लागतं."

बाईंनी मान वळवून आतल्या कुणाचा तरी अंदाज घेतला. "आमच्या इमारतीत असं अंधारात कुणी ये-जा करत नाही. चार लोक विचारतात. शिवाय हॉस्पिटलचं म्हटलं की कपड्यांवरून काय काय घरात येतं. नातवंड लहान आहे." मग त्यांचा आवाज मऊ झाला. "राग मानू नका हं. तुमचं काम फार पुण्याचं आहे."

दार लागलं. दोघं जिना उतरू लागली.

"सिस्टर, एक सांगू का?" एजंट म्हणाला. "लग्न झालंय म्हणून ठोकून द्या. नवरा जहाजावर असतो म्हणा."

"आणि कधी येणार विचारलं तर?"

"जहाजाचं काय सांगता येतं?"

"कधीतरी धक्क्याला लागतंच ते," सिस्टर म्हणाली. दोघंही हसली. मग एजंटने घड्याळ पाहिलं आणि दुसरं एक गिऱ्हाईक असल्याचं सांगून तो निघून गेला.

सिस्टरने चाळिशी ओलांडली होती. नर्सिंगचं शिक्षण संपल्यापासून ती हॉस्पिटलच्या मागच्या हॉस्टेलमध्येच राहत होती. सुरुवातीला चौघींत एक खोली, मग दोघींत, आणि ज्येष्ठ झाल्यावर कोपऱ्यातली एकटीची. लोखंडी पलंग, भिंतीतलं कपाट आणि खिडकीतून दिसणारी धोबीखात्याची चिमणी. बरोबरच्या मुली लग्नं करून गेल्या. हिचं आधी वडिलांच्या आजारपणात राहिलं, नंतर आईच्या, आणि पुढे कुणी विषय काढायचंच सोडून दिलं. तिला त्याचं फारसं वाईट वाटत नव्हतं. आता मात्र हॉस्टेल पाडून तिथे नवी इमारत उठणार होती. खोल्या महिनाअखेरीस रिकाम्या करा, असं मेट्रनने सांगितलं, आणि सांगताना ती सिस्टरकडे न बघता सगळ्यांकडे मिळून बघत होती.

तरुण नर्सेसनी मिळून एक फ्लॅट घेतला. सिस्टरने आडून विचारून पाहिलं.

"ताई, तुम्हाला आमचा गोंगाट झेपायचा नाही," त्यांतली एक म्हणाली. खरं तर सिस्टर घरात असताना मोठ्याने गाणी लावता येणार नाहीत, ही त्यांची अडचण होती. ती सिस्टरला बोलून न दाखवताच कळली.

भावाने फोनवर लगेच म्हटलं, "अगं, इकडेच ये ना सरळ." त्याच्यामागे स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज येत होता, तो एकदम थांबला. "म्हणजे नोकरीचं काय ते बघ बाई तू," भाऊ म्हणाला.

"बघते," ती म्हणाली. "वहिनीला विचारलं म्हणून सांग."

तिचा पगार एका खोलीपुरता होता, फ्लॅटपुरता नव्हता. आणि ज्यांच्याकडे एक खोली होती, त्यांना एकटी बाई नको होती.

*

डायलिसिसच्या हॉलमध्ये गुपित राहत नाही. तीच माणसं आठवड्यातून तीनदा, तासन् तास, त्याच खाटांवर पडून असतात. रक्त नळीतून यंत्रात जातं, धुऊन परत येतं, आणि तोपर्यंत बोलण्याशिवाय काही काम नसतं. सिस्टर खोली शोधतेय हे पहिल्याच आठवड्यात सगळ्यांना ठाऊक झालं. टॅक्सीवाल्याने मेव्हण्याला फोन लावला. निवृत्त मुख्याध्यापिका होत्या, त्यांना सगळे बाई म्हणत. त्यांनी वर्तमानपत्रातल्या जाहिराती कापून आणल्या. प्रत्येकीवर 'फक्त कुटुंबासाठी' असं छापलेलं होतं.

गप्प होते ते एकटे कपाटवाले काका.

लोखंडी कपाटं बनवण्याचा त्यांचा कारखाना होता. खिडकीजवळची खाट त्यांची. त्यांच्या हातातल्या शिरा म्हणजे सुईची परीक्षाच. ऑपरेशन करून जोडलेली दंडातली शीर फुगून दोरखंडासारखी झाली होती, तिच्यावर बोट ठेवलं की आत मांजर घुरघुरल्यासारखं लागे. पण एक केसभर इकडेतिकडे झालं की दंड काळानिळा पडे. म्हणून सुई सिस्टरनेच लावायची, हा त्यांचा हट्ट होता. तिची रजा असली तर ते चेष्टेत म्हणत, "उद्या या म्हणावं किडन्यांना, आज सुट्टी."

आणि त्यांच्या कारखान्याच्या वर एक खोली होती. त्यांनीच कधीतरी तिला सांगितलं होतं. स्वतंत्र जिना, नळ, पूर्वेची खिडकी. लग्नानंतर काका-काकूंनी संसार तिथेच मांडला होता. आता ती रिकामी होती. हॉस्पिटलापासून चालत जाण्यासारखी.

ती आपणहून विचारणार नव्हती. पेशंटकडे काही मागायचं नाही, हे तिने स्वतःला लावून घेतलेलं होतं. पण ते आपणहून बोलतील असं तिला वाटत राहिलं. रोज वाटत राहिलं.

शेवटी बाईंना राहवलं नाही. "अहो कपाटवाले, तुमची ती वरची खोली आहे ना? ती का देत नाही सिस्टरला?"

सगळ्या खाटांवरच्या माना वळल्या. काकांनी छताकडे पाहिलं.

"तिथे माल भरलाय," ते म्हणाले.

"काढा की मग!"

"नाही जमायचं, बाई."

सिस्टर त्यांच्याच खाटेशी उभी होती. तिच्या हातात सुई होती. "काका, मूठ आवळा," ती म्हणाली. सुई नेहमीसारखीच आत गेली, त्यांना कळलीसुद्धा नाही. टेप चिकटवताना तिने एरवीसारखं त्यांच्या दंडावर थोपटलं नाही, एवढंच.

त्या दिवसापासून ती त्यांच्याशी कामापुरतं बोलू लागली. वजन किती, प्रेशर किती, हात वर घ्या. काकाही विनोद करेनासे झाले.

*

पुढच्या आठवड्यात काकांचा थोरला मुलगा तिला व्हरांड्यात भेटला. पॉलिश केलेले बूट, हातात गाडीची किल्ली.

"सिस्टर, बाईंनी मला खालीच पकडलं. तुमची अडचण कळली. अहो, आम्हाला आधी नाही का सांगायचं? खोली तुमचीच समजा. दोन दिवसांत माल हलवतो, रंग काढून देतो."

सिस्टरने हातातली फाईल छातीशी धरली. "भाडं काय ते…"

"भाड्याचं नावच काढू नका. घरच्या माणसाकडून कुणी भाडं घेतं का?" तो जरा जवळ आला. "आमचं घर कारखान्याच्या मागेच आहे. बाबांना रात्री अधूनमधून धाप लागते. आई घाबरते, माझ्या मिसेसला काही कळत नाही. तुम्ही वर असलात की सगळ्यांनाच धीर. हाक मारली की खाली यायचं, बाकी काही नाही."

"रोज?"

"रोज नाही हो. लागेल तेव्हा. आणि रविवारी आम्ही बाहेर गेलो तर जरा त्यांच्यापाशी बसायचं. तुम्हाला तरी एकटीला दुसरं काय असतं?"

शेवटचं वाक्य त्याने अगदी चांगल्या मनाने म्हटलं होतं.

"मी भाडं देऊन राहिले तर?" सिस्टरने विचारलं. "नेहमीसारखं, भाडेकरू म्हणून?"

तो हसला. "भाडेकरू ठेवायचे असते तर केव्हाच ठेवले असते. ती भानगड नको आम्हाला. आपलं माणूस हवंय."

"विचार करून सांगते."

आणि तिने खरोखरच विचार केला. सुटी घेऊन ती खोली पाहूनही आली. जिना खरंच स्वतंत्र होता. खिडकीतून ऊन थेट जमिनीवर पडलं होतं. भिंतीत एक फडताळ होतं, त्यात आपली चार पुस्तकं आणि आईचा फोटो कुठे राहील हेसुद्धा तिने मनात ठरवून टाकलं. खाली पत्रा ठोकण्याचा आवाज चालला होता. तेवढ्यात खालून सुनेची हाक आली, "सिस्टर, आलाच आहात तर बाबांचं प्रेशर बघता का जरा?"

ती खाली गेली. प्रेशर पाहिलं. बाहेर पडताना काकूंनी तिचा हात हातात घेऊन दाबला आणि सोडलाच नाही.

दुसऱ्या दिवशी तिने मुलाला फोन करून नाही म्हणून सांगितलं. कारण सांगताना तिची जीभ अडखळली. तो दुखावला. "एवढं करून..." असं काहीतरी म्हणून त्याने फोन ठेवला.

*

खोली मिळाली ती शहराबाहेर, दोन बस बदलून जावं लागे अशा ठिकाणी. मालक सायकलदुरुस्तीवाला होता. त्याने फक्त एकच गोष्ट विचारली, "पाणी जपून वापराल ना?" भाडं झेपण्यासारखं होतं. पण पहाटेच्या पहिल्या पाळीला पोचवेल अशी बस तिथून नव्हती. मेट्रनने तिला दुपारच्या पाळीत टाकलं. पहाटेचे पेशंट दुसऱ्या नर्सकडे सोपवावे लागले.

पहाटेच्या शेवटच्या ड्युटीला ती काकांच्या खाटेपाशी आली, तेव्हा ते तिचीच वाट बघत असावेत.

"मुलाने विचारलं होतं ना तुम्हाला?" त्यांनी हळूच विचारलं.

"हो."

"नाही म्हणालात."

"हो, काका."

"बरं केलंत." त्यांनी डोळे मिटले आणि उघडले. "बाईंनी सगळ्यांदेखत विचारलं, तेव्हा मी मालाचं कारण पुढे केलं. माल कसला, चार पत्रे पडलेत. तुम्हाला राग आला असणार."

तिने प्रेशरचा पट्टा त्यांच्या दुसऱ्या दंडाला गुंडाळला.

"मला माझं घर माहीत आहे. खोली दिली असती तर तुम्हाला कुणी झोपू दिलं नसतं. मीसुद्धा नाही. धाप लागली की माणूस भित्रा होतो, सिस्टर. मी रोज हाक मारली असती." ते थोडं थांबले. "तिथे आम्ही दोघंच राहत होतो तेव्हा दार लावलं की जग बाहेर राहायचं. ती खोली तशीच असायला हवी कुणालाही. नाहीतर नको."

सिस्टरने त्यांच्या खाटेची चादर उगाचच सारखी केली. इतके दिवस आपण या माणसाच्या दंडावर थोपटलं नाही, हे तिच्या मनात आलं आणि तिला स्वतःची लाज वाटली.

"नवीन खोली कशी आहे?" त्यांनी विचारलं.

"लहान आहे. बरी आहे."

"शेजार?"

"अजून ओळख नाही झाली. होईल."

तेवढ्यात पहाटेच्या पाळीची नवी नर्स ट्रे घेऊन आली. चेहऱ्यावरून कालपरवा शिकून बाहेर पडल्यासारखी दिसत होती. सिस्टरने तिचं बोट धरून काकांच्या दंडावर ठेवलं. "लागतंय? घुरघुरतंय बघ. तिथून जरा वर. घाई करू नकोस."

मुलीने सुई टोचली. ती चुकली. काकांचा जबडा आवळला गेला. मुलगी घाबरून सिस्टरकडे बघू लागली. काकांनीही पाहिलं, पण काही मागितलं नाही.

सिस्टरचा हात आपसूक पुढे झाला होता. तिने तो मागे घेतला, दोन्ही हात पाठीमागे नेऊन एकमेकांत गच्च धरले.

"परत लाव," ती म्हणाली. "काकांना सवय होईल."

काकांनी मूठ आवळली आणि खिडकीकडे मान वळवली.