बंद पाकिटातली वाणी

त्या सकाळी आमच्या पुस्तकबांधणीच्या कारखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. लोक कागदाच्या गठ्ठ्यांवर बसले होते. मधोमध खुर्चीत माझी धाकटी बहीण, केस विस्कटलेले, ओठ हलताहेत. शेजारी मौनी महाराज. नाव मौनी, पण तोंडाचा पट्टा क्षणभर थांबत नव्हता.

"शंका असेल त्यानं ती चपलांपाशी काढून यावी! वाणी वरची, आम्ही नुसते पोस्टमन!"

लोक प्रश्न लिहून पाकीट चिकटवून देत. महाराज बंद पाकीट बहिणीच्या कपाळाला लावत, ती काहीतरी पुटपुटे आणि महाराज आतला प्रश्न जसाच्या तसा सांगत. मग पाकीट फोडत, कागद बघून मान डोलावत, "बरोब्बर!" चमत्काराला नमस्कार ठरलेलाच. ती पाकिटं मीच बनवून दिली होती.

आठ महिन्यांपूर्वी हीच बहीण आमची सगळ्यात चोख कारागीर होती. फर्मे, म्हणजे पुस्तकाचे घडी घातलेले भाग, ती बोलता बोलता क्रमानं लावायची. मग पाचव्यानंतर आठवा येऊ लागला. पुस्तकं परत आली. "लक्ष कुठे असतं तुझं?" मी चारचौघांत खेकसलो. घरी चहाचं आधण ठेवी आणि पुढे काय करायचं ते विसरे, भांडं करपे. अंघोळ चार-चार दिवस टळे. आपण बोलत असताना तिची नजर अर्ध्या वाक्यातच हरवे. आम्ही तिला आळशी ठरवून मोकळे झालो.

एकदा ती हळूच म्हणाली, "दादा, सगळे एकदम बोलतात रे. मोजताना आकडा सुटतो."

"कोण सगळे?"

"दिसत नाहीत."

मी ऐकलं आणि पुठ्ठे चिकटवायची खळ ढवळत राहिलो. मावशीनं मग महाराजांना आणलं. बहीण आजारी आहे म्हणण्यापेक्षा तिच्या तोंडी वाणी येते म्हणणं सोपं होतं. रस्त्यात लोक मला वाकून नमस्कार करू लागले. मला ते आवडलं, खोटं कशाला बोलू?

त्या सकाळी गर्दीत सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई होत्या. रजिस्टरं बांधायला टाकायला आल्या होत्या. त्यांनीही एक पाकीट दिलं. तिसरं पाकीट कपाळाला लावून महाराज गरजले, "कोणी विचारतंय, हरवलेला भाऊ सापडेल का? सापडेल! पूर्वेला आहे!"

"प्रश्न माझाच," बाई उठल्या. "पण मला भाऊच नाही. आणि हे पाकीटही माझं नाही."

महाराजांच्या हातातलं पाकीट घेऊन त्यांनी ते फोडलं आणि मोठ्यानं वाचलं, "दुकान हलवू का?"

"अहो, हे तर मी लिहिलं होतं!" मागून चहावाला ओरडला.

"माझ्या पाकिटाच्या कोपऱ्यावर पेन्सिलीची फुली होती. ते यांनी मघाशीच फोडून वाचलं," बाई म्हणाल्या. "पहिला प्रश्न यांच्याच माणसाचा, आधीच ठरलेला, त्याचं पाकीट तळाशी. तो प्रश्न सांगायचा आणि पडताळण्याच्या नावाखाली दुसऱ्याचं पाकीट फोडून मनात वाचायचं. पुढच्या वेळी हा वाचलेला प्रश्न सांगायचा. झाली वाणी!"

महाराज पहिल्यांदाच नावाला जागले. गर्दीत हशा पिकला तेवढ्यात मागच्या दारानं पसारही झाले.

बाई बहिणीपुढे उकिडव्या बसल्या. "आत्ता किती जण बोलताहेत?"

"चार. एक तुमच्यावर चिडलाय."

बाई हसल्या नाहीत. मला त्यांनी बाजूला घेतलं. "नीट तपासून सांगेन, पण ही स्किझोफ्रेनियाची सुरुवात वाटते. आवाजांचं लोकांना नवल वाटतं. पण लक्ष टिकत नाही, कामाचा क्रम लागत नाही, साधं उठून अंघोळीला जायचं बळ येत नाही, हेही त्याच आजारातलं. त्याला घरचे आळस म्हणतात. कधीपासून आहे?"

"आठ महिने," मी म्हणालो. माझी मान वर होईना.

आता औषधं चालू आहेत. आवाज मंदावलेत. क्रम अजून चुकतो, म्हणून ती दोनच तास येते आणि एका वेळी एकच काम करते. परवा शिवता शिवता तिनं विचारलं, "दादा, तुला खरंच वाटायचं का, ती वाणी आहे?"

"नाही."

"मग थांबवलं का नाहीस?"

मी खळ ढवळू लागलो. ती पुन्हा सुईकडे वळली.

म्हणून हात जोडून सांगतो: घरातलं माणूस असं बदललं, तर त्याला रागावू नका, त्याच्या पायाही पडू नका. त्याला डॉक्टरकडे न्या, त्याच आठवड्यात. बाकीचे लोक तरी फसले होते. मी फसलो नव्हतो.