साठ होकार

चष्म्याच्या डबीत, भिंग पुसायच्या निळ्या फडक्याखाली, एक गोळी होती—पांढरी, मधोमध बारीक रेघ असलेली. तिच्या शेजारी दुसरी. आणि फडकं पुरतं उचलल्यावर बाकीच्या सगळ्या, म्हाताऱ्या दातांसारख्या पिवळट पडलेल्या. तिने डबी मिटली. भिंगं घासायच्या यंत्राचं पाणी ठिबकत होतं. सकाळी चष्म्याच्या दुकानात कामाला निघताना बाबांनीच ती हातात दिली होती : "काडीचा स्क्रू ढिला झालाय, जरा आवळून आण." तिने काडी हलवून पाहिली. पुन्हा पाहिली. स्क्रू घट्ट होता.

म्हणजे विसरून दिली नव्हती...

दवाखान्यातून रोज दुपारी दोनला फोनवर आठवण येई : हृदयाची गोळी घेतली असल्यास १ पाठवा, नसल्यास २. बाबांना बारीक अक्षरं दिसत नाहीत म्हणून अर्जावर तिने स्वतःचा नंबर लिहिला होता. सुरुवातीला ती घरी फोन करून विचारी, मग १ पाठवी. पुढे आधी १ पाठवून मग विचारू लागली. आणि कधीतरी—नेमकं कधी, हे कितीही उगाळलं तरी आता आठवत नाही—विचारणं गळून गेलं, अंगठा तेवढा उरला. उत्तर गेलं नाही की नर्सचा फोन यायचा, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांवर चौकट बसवत असतानाच. त्यापेक्षा १ सोपा होता. १ म्हणजे शांतता.

पहिल्याच आठवड्यात ते म्हणाले होते, "गोळी घेतली की छातीतलं कुणीतरी पाय ओढत चालायला लागतं गं." "होईल सवय," ती म्हणाली होती, फोनवरची नजर न काढता.

काल डॉक्टरांनी ते सगळे १ पडद्यावर दाखवले. साठ दिवसांचे साठ, एकाखाली एक, ताठ, माना न वळवता उभ्या राहिलेल्या माणसांसारखे. "इतका नियमित पेशंट क्वचित मिळतो. तरी प्रेशर उतरत नाही, म्हणजे औषध कमी पडतंय. उद्यापासून दोन घ्या." बाबांनी तिच्याकडे पाहिलं, तिने भिंतीवरच्या हृदयाच्या चित्राकडे. आणि जिना उतरताना, कठड्याला धरून, ते म्हणाले, "परीक्षेला न बसताच पहिला आलो बघ. आता मात्र घेईन हं. डॉक्टर बिचारा एवढं म्हणतोय." आणि ती हसली... त्यांच्या नेहमीच्या विनोदांपैकी एक समजून ती मोकळेपणी हसली, आणि पुढे होऊन रिक्षा थांबवली.

सकाळभर ती साठ ताठ माणसं तिच्या मागे उभी होती. भिंग यंत्राला लावलं तरी त्याच्या गोल काठावर ती वाकून दिसत. दवाखान्याचा नंबर तिने दोनदा काढला, दोनदा मिटवला. सांगायचं तर काय सांगायचं—की साठही दिवस औषध मीच घेत होते? की ज्यांच्या छातीला एकीचीही सवय नाही, त्यांना तुम्ही दोन दिल्यात, माझ्या शब्दावर?

"ताई, माझा नंबर वाढला की काय?" चौकट बसवून घेणाऱ्या बाईंनी विचारलं.

"नाही. आहे तोच आहे," ती म्हणाली, आणि स्वतःच्या आवाजातला तो सराईत धीर ऐकून दचकली.

दोन वाजले. खणातला फोन थरथरला. गोळी घेतली असल्यास... अंगठा आपणहून १ वर गेला, आणि तेवढ्यात त्या अक्षरांवर घरचा नंबर उमटला.

"बसला का गं स्क्रू?" बाबांनी विचारलं.

तिने मिटलेली डबी जवळ ओढली.

"बरं. दोन्ही हातावर घेतल्यात. चष्मा नाही, पण दोनच वाटतायत." पाण्याचं भांडं टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. "घेऊ ना?"

"थांबा, बाबा."

ते थांबले. साठ दिवसांत तिच्या सांगण्यावरून पहिल्यांदाच त्यांनी काही केलं होतं, आणि आता पुढचा शब्द तिला शोधायचा होता. पलीकडे नुसता श्वास होता. आणि फोनच्या काचेवर टेकलेल्या तिच्या अंगठ्यात कुणीतरी, थबकत, पाय ओढत, चालत होतं—त्यांच्यातलं की माझ्यातलं, हे तिला ओळखता येईना.